हसलं की वेगळंच कुणी

तोंडात हात असेपर्यंत पेशंट बोलू शकत नाही. हात काढला की थांबत नाही! बारामतीत दातांचा दवाखाना चालवताना किस्से साठतात ते असे. चेहऱ्याच्या रंगाला शोभेल अशी दाताची शेड निवडायची, एवढंच माझं काम. पण काही गोष्टी मी घरी सांगत नाही.

*

लोणी भापकरचे तात्या. उन्हानं रापलेला चेहरा, आणि कवळी हवी सगळ्यात पांढरी!

"तात्या, सावळ्या चेहऱ्यावर दात आहेत त्याहून पांढरे दिसतात. जरा पिवळसर घ्या."

"पांढरीच! नातीच्या लग्नात फोटू काढायचाय!"

थोड्याच दिवसांत तोंडावर हात धरून हजर. "हसलो की आमचं कुत्रं गुरगुरतंय. माझ्याकडं न्हाय, माझ्या मागं बघून!"

पिवळसर कवळी करून दिली. कुत्रं गप्प झालं. आता तात्याच सारखे मागं वळून बघतात!

*

इंदापूरची एक सावळी, देखणी नवरी. लग्नादिवशी तिचा फोन, "मॅडम, दात पिवळे पडले!"

"पार्लरवालीनं चेहरा गोरा केलाय ना? धुऊन टाक. दात तेच आहेत."

धुतला, दात पुन्हा चमकले! नंतर पेढे घेऊन आली.

"एवढी घाबरलीस कशाला गं?"

ती हळूच म्हणाली, "आरशात पिवळे दात दिसत होते ना, तेव्हा मी हसतच नव्हते!"

*

वालचंदनगरचे एक रिटायर्ड साहेब सारखे कवळीची शेड बदलायला यायचे. "पांढरी लावली की बायको म्हणते, शोभत नाही. पिवळी लावली की म्हणते, म्हातारे दिसता!"

एकदा खुशीत आले. "काल ती काहीच बोलली नाही!"

"म्हणजे पसंत पडली! आता एकदा वहिनींना घेऊन या."

"तिला जाऊन तीन वर्षं झाली, डॉक्टर."

*

आणि भिगवणचे आबा. उजनी धरणाच्या पाण्यात मासे धरताना त्यांच्या जाळ्यात एक कवळी आली. धुऊन तोंडात बसवली, तर फिट!

"जरा चकचकीत करून द्या."

"आबा, दुसऱ्याची कवळी घालतात का? नवी करू!"

म्हणून शेडची पट्टी धरली. आबांच्या काळ्या-तांबूस चेहऱ्याला मी जी शेड निवडली असती, नेमकी तीच! कुणीतरी त्यांना समोर बसवून केल्यासारखी.

"बायको काय म्हणते?"

"म्हणती, हे हसू तुमचं न्हवं!" आबा मोठ्यानं हसले.

दारापाशी बाकावर एक म्हातारी बसली होती. दवाखान्यात पहिल्यांदाच आलेली. आबांचं हसू पाहून ती उठली, घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

"अवं, हितं हाय व्हय तुमी! मी समदं पाणी धुंडाळलं!"