बिनपाटीचा नळ

"पाटी लावली की काम झालं." हे वाक्य तो घास तोंडात असतानाही म्हणायचा. कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात पर्यावरणाचं खातं त्याच्याकडे होतं, आणि खातं म्हणजे त्याच्या लेखी पाट्या. काळ्या धुराड्याखाली 'स्वच्छ हवा'. रोप वाळून गेलेल्या कुंडीत 'झाडे जगवा'. कामगार त्याला पाटीसाहेब म्हणत, तेही तोंडावर, आणि तो खूश होई. इतक्या थोड्या अकलेवर इतकी ताठ मान मी दुसरी पाहिली नाही.

मागच्या भिंतीपलीकडे त्याची मावशी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तिच्या दारातल्या विहिरीचं पाणी कधी तांबूस, कधी निळं. कारण भिंतीच्या बुडाशी, झुडपांच्या आड, एक नळ होता. सांडपाण्याची टाकी भरली की पाळीवाले, म्हणजे त्या वेळच्या पाळीचे कामगार, त्यातून रंगाचं पाणी सोडून देत. भाच्याला ते ठाऊक होतं. पण तो भिंतीकडे कधी फिरकला नाही. न पाहिलेलं नसतंच, अशी त्याची समजूत.

मग पर्यावरणाच्या प्रमाणपत्राचे नियम बदलले. पूर्वी तपासनीस पाट्या बघून, चहा पिऊन जात. आता ते शेजाऱ्यांचंही ऐकणार होते आणि कुठलं पाणी कुठे जातं ते स्वतः पाहणार होते. प्रमाणपत्र गेलं तर मोठं गिऱ्हाईक जाणार, म्हणून मालक बिथरला. पाटीसाहेब मावशीकडे गेला.

"मावशी, तपासायला बाई येतील. त्रास नाही, एवढंच म्हण."

"नळ बंद कर, मग म्हणते."

"कुठला नळ?"

"माझी पांढरी चादर जांभळी झालीय, तिला विचार!"

"छान दिसते की! लोक पैसे देऊन रंगवून घेतात."

"चालता हो मेल्या," म्हणत मावशीने दार लावून घेतलं.

शरमायचं सोडून त्याने पेंटरला बोलावलं. "एकही नळ बिनपाटीचा राहता कामा नये. कशात काय वाहतं, कुठे जातं, ठळक लिही."

"सगळे नळ, साहेब?"

"सगळे म्हणजे सगळे! आणि मला विचारत बसू नकोस, पाळीवाल्यांना विचार."

पेंटर सांगकाम्या. त्याने विचारलं, त्यांनी सांगितलं, त्याने लिहिलं.

तपासनीस बाई आल्या. मालक मागे, पाटीसाहेब पुढे. प्रत्येक पाटी तो भाषण ठोकावं तशी वाचत होता. "वाफ, भट्टीकडे! थंड पाणी, धुलाईकडे!" वाचत वाचत सगळे मागच्या भिंतीशी आले. झुडपं छाटलेली, अक्षरं अजून ओली. सवयीने त्याने आवाज चढवला, "रंगाचं पाणी, मावशींच्या विहिरीकडे..."

पुढे वाचायला काही नव्हतंच.

"अक्षर सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "हा नळ बंद होईपर्यंत प्रमाणपत्र नाही."

मालकाने तिथल्या तिथे गवंड्याला हाक मारली. मग पाटीसाहेबाकडे वळून म्हणाला, "आधी नळ बुजेल, मग तुझं तोंड दिसायचं बंद होईल. नीघ."

"पण साहेब, एक तरी नळ बिनपाटीचा राहिला का?"

मालकाने फाटकाकडे बोट दाखवलं. तो निघाला. मागच्या फाटकावर 'बाहेर' लिहिलेली पाटी वाकडी लटकत होती. ती त्याने दोन्ही हातांनी सरळ केली, जरा मागे सरून न्याहाळली, आणि मावशीच्या दारावरून मान न वळवता गेला. मावशी विहिरीवर पोहरा धरून उभी होती. तो वळणाआड होईपर्यंत तिने पाहिलं, आणि मग पोहऱ्यातलं निळं पाणी त्याच्या वाटेवर ओतून दिलं.