नावाड्याची घंटा आणि मामांचं फडकं

वाचनालयामागच्या दोन खोल्यांत आमचं संग्रहालय. तिथले शिपाई म्हणजे मामा. बत्तीस वर्षं त्यांच्या खांद्यावरून फडकं उतरलं नाही. माशी बसून उठली, तरी मामा ती जागा पुसायचे.

नदीवर पूल झाला, नाव थांबली, पुढं नावाडीही गेला. त्याची पितळी घंटा लेकीकडं उरली. ती वाजली की दोन्ही काठांवरची माणसं पावलं उचलायची. घंटा संग्रहालयात राहावी असं लेकीच्या मनात होतं, पण फुकट देण्याची तिची ऐपत नव्हती, आणि जुन्या वस्तूंचा व्यापारी दारात चकरा मारत होता. संग्रहालयाची तिजोरी म्हणजे रिकामं कपाट. मात्र छोट्या संग्रहालयांना वस्तू घेऊन देणारा एक धर्मादाय ट्रस्ट होता. वस्तू अस्सल असेल तर निम्म्याहून जास्त किंमत तो देई. उरलेली लोकांनी उभी करायची. ती आम्ही केली. आता ट्रस्टच्या बाई घंटा पाहायला यायच्या होत्या, म्हणून लेकीनं ती संग्रहालयात आणून ठेवली होती.

पाहुणे येणार म्हटल्यावर मामांना चैन पडेना. आदल्या दुपारी त्यांनी राख घेतली आणि घंटा अशी घासली, की तिच्यात तोंड दिसायला लागलं.

बाईंनी घंटा फिरवून पाहिली. "ही तर कालच ओतल्यासारखी दिसतेय."

संग्रहालय सांभाळणाऱ्या ताई चपापल्या. "घरच्यांनी घासली असेल."

"त्यांना कशाला बोल लावता, ताई? मी घासली," मामा म्हणाले. "पाहुण्यांपुढं मळकं कसं ठेवायचं?"

"साठ वर्षांचं वय एका दुपारीत धुतलंत, मामा," ताई म्हणाल्या.

"माझं काही धुतलं जात नाही. तिचं तरी जाऊ दे म्हटलं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी घंटा उलटी केली. मधल्या लोलकामुळं मामांचा हात आत गेला नव्हता. आत जुना काळा-हिरवा थर तसाच होता, आणि टोले बसून बसून दोन खळगे पडले होते. बाईंनी त्यांवरून सावकाश बोट फिरवलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मदत मंजूर. खाली एक अट: घंटेला कुणीही फडकं लावू नये. ताईंनी ती मामांकडं बघत दोनदा वाचली.

मामा आता निवृत्त आहेत. तरी शनिवारी येतात, घंटेपुढं वाकून उभे राहतात. मागच्या शनिवारी त्यांनी ताईंना हाक मारली. घंटेच्या कडेला नखाएवढा हिरवा डाग उमटला होता.

"हात लावू नका हं, मामा."

"मी कुठं लावतोय?" मामा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात खिशात होते.