समुद्राकडचे दोन पाय

करवत चालवली की भुसा पडतो, आणि चार रिकामटेकडे एका खोलीत करवत घेऊन बसले की किस्से पडतात. भुसा त्या घरच्या वैनी रोज झाडून बाहेर टाकतात. किस्से मात्र माझ्याकडे साठत चाललेत, आणि आता ठेवायला जागा पुरेना!

गाव देवबाग. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये आम्ही. मास्तर म्हणजे रिटायर स्टेशनमास्तर. जन्मभर खऱ्या गाड्या सोडल्या, आता त्यांना घरात छोट्या गाड्या सोडायच्यात. रूळ, पूल, बोगदा, सिग्नल, सगळं. पण त्याआधी हवं बारा फुटी भक्कम टेबल. ते करायला मिळाले गणू मेस्त्री, ज्यांनी आयुष्यात फक्त होड्या बांधल्या. प्लायवूड मालवणच्या बाजारातल्या सलीमभाईंचं. चौथा मी, कचेरीतून रिटायर झालेला कारकून. माझं काम टेपचं दुसरं टोक धरणं आणि घाबरणं.

घाबरायला कारण आहे. मास्तरांच्या अंगणापासून समुद्र पूर्वी पन्नास पावलांवर होता, आता वीसवर आलाय. मुलगा पुण्याहून दर रविवारी फोन करतो, "बाबा, घर सोडा, इकडे या." मास्तर 'बघू' म्हणतात. वैनी, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडतात, "माका खंय जावचा नाय!" माझं घर त्यांच्या शेजारचंच, त्यामुळे तो फोन वाजला की मीही कुंपणाशी येऊन कान देतो.

*

पहिलं लाकूड कापण्याआधी मेस्त्रींनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आम्ही तिघं हात जोडून मागे उभे.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी जा काय करूक घेतला हा, ता वाऱ्यात, वादळात, दर्यात सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हणून मोकळे झालो. मग माझ्या लक्षात आलं.

"मेस्त्रीनू, ह्या टेबल आसा. ह्या कित्याक दर्यात जातला?"

मेस्त्रींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "टेबल जावचा नाय हो. पण दर्या हंय इलो तर?"

त्या दिवशी प्रसादाचा नारळ तोंडात टाकण्याआधी मी अंगणापासून समुद्रापर्यंतची पावलं मोजून आलो.

*

फणसाच्या लाकडाची चौकट झाली. मेस्त्रींनी सवयीने प्रत्येक सांध्यात कापूस ठासून वर तेल लावलं होतं. थेंब आत जाणार नाही असं काम! मास्तर खूश. ते पेन्सिल घेऊन आडव्या पट्ट्यांवर गोल खुणा करत सुटले.

"ह्ये कसले गोल?" मेस्त्रींनी विचारलं.

"भोकां मारूची आसत. विजेच्या वायरी ह्याच्यातून जातल्या."

मेस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. हातातलं ड्रिल त्यांनी खाली ठेवलं. "मास्तरांनू, चाळीस वर्सां मी भोकां बुजवलंय. मारूक सांगू नकात!"

शेवटी भोकं मी मारली. मेस्त्री तोवर अंगणात पाठ करून उभे होते, आणि प्रत्येक भोकाला "अरे देवा!" म्हणत होते.

*

सलीमभाई टेम्पोतून प्लायवूड घेऊन आले. मास्तरांना सगळं लेखी लागतं. नोकरीची सवय. त्यांनी विचारलं, "पाण्यात किती वर्सां टिकतला? गॅरंटी लिहून देतास?"

सलीमभाईंनी बिल काढलं, पेन काढलं, आणि दाराबाहेर बघत बसले. लाट बंधाऱ्याच्या दगडांवर आपटून अंगणात शिंतोडे उडत होते.

"प्लायची लिहून देतंय," ते म्हणाले. "जमनीची माझ्याकडे मागू नकात!"

सगळे हसले. मी पण हसलो, पण घरी जाऊन बायकोला आधी जमिनीची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते विचारलं. जणू कागद हातात असले की समुद्र परत जाणार होता.

*

टेबल उभं राहिलं. मजबुतीची परीक्षा म्हणून मास्तरांचा हुकूम सुटला, चौघांनीही वर चढायचं! मी नाही म्हणत होतो, माझं कोण ऐकतंय? चढलो. मेस्त्री म्हणाले, "आता नाचा!" सलीमभाई लगेच नाचायला लागले.

इतक्यात खालून 'कर्र्र' असा आवाज आला. मी उडी मारली ती थेट पडवीत! वैनी चहा घेऊन येत होत्या, त्यांचे दोन कप गेले.

"मेस्त्रीनू, टेबल मोडला काय?" त्यांनी विचारलं.

मेस्त्री टेबलाखाली शिरले. एकेक सांधा चाचपला. मग फरशीवर हाताची मूठ आपटली. एकदा इकडे, एकदा समुद्राच्या बाजूला. समुद्राच्या बाजूचा आवाज पोकळ होता.

"टेबलाक काय झाला नाय," ते म्हणाले आणि समुद्राकडच्या फरशीवरून अलगद बाजूला झाले. सलीमभाई तेवढे हळूच खाली उतरले.

*

टेबलावर रूळ आणि बोगदा बसला, पण तेव्हापासून मास्तरांना लेव्हलचं वेड लागलं. टेबलाच्या पायांना खाली बोल्ट होते, उंची कमी-जास्त करायला. मास्तर दर रविवारी, फोन येऊन गेला की, टेबलावर स्पिरिट लेव्हल, म्हणजे बुडबुड्याची नळी, ठेवत. बुडबुडा नेहमी खाडीकडे सरकलेला. म्हणजे समुद्राकडची बाजू खाली! मग समुद्राकडच्या दोन पायांना अर्धा आटा. पुढच्या रविवारी परत अर्धा.

वैनींचं ठाम मत होतं, "मेस्त्रीनी दोन पाय आखूड केले." मेस्त्री बिचारे ऐकून घेत.

जून संपता संपता मास्तरांनी पाना लावला, आणि बोल्ट फिरेचना. आटे संपले होते. मी इतका घाबरलो होतो की मला हसू यायला लागलं, आणि ते थांबेचना. मेस्त्रींनी लाकडाची एक पाचर काढून पायाखाली ठोकली. मास्तरांनी कॅलेंडरवर तारीख लिहिली, त्यापुढे 'पाचर क्र. १' असं लिहिलं. वैनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी त्या मेस्त्रींना काही बोलल्या नाहीत.

*

आणि मग परवाची पौर्णिमा. भर दुपारी बाराची भरती, वर उधाण. पाणी बंधाऱ्यावरून आलं, अंगणातून आलं, आणि पडवीत न थांबता सरळ आत आलं. मी हाका मारत धावलो. मेस्त्री आणि सलीमभाई आधीच पोचले होते. गुडघाभर पाण्यात आम्ही मिळेल ते टेबलावर चढवत होतो. तांदळाची पोती, टीव्ही, गॅसचा सिलिंडर, वैनींची शिलाई मशीन. रूळ सगळे दबले. मास्तर 'हां' म्हणून पुढचं सामान देत होते. शेवटी वैनी देव्हारा घेऊन आल्या आणि बोगद्याशेजारी ठेवला. टेबल तसूभर हललं नाही.

फोन वाजला. मुलगा. मास्तरांनी तो वैनींकडे दिला.

"आई, आता तरी येणार ना?"

वैनी पाण्यात उभ्या होत्या. साडीचा काठ तरंगत होता. त्या काय बोलतात म्हणून मी सिलिंडरला धरून कान देऊन उभा होतो. माझ्याही घराचा निकाल तोच होता.

"तूच ये रे चतुर्थीक," त्या म्हणाल्या आणि फोन तांदळाच्या पोत्यावर ठेवला. मग टेबलाच्या पायावर हात ठेवून वळल्या.

"मेस्त्रीनू, आमच्या दोनूय खाटींचे पाय हेच्याएवढे करून द्या."

मेस्त्री गडबडले. "इतके उंच? वैनी, तुमी चढतल्यात कशा?"

"ता मी बगतंय. पुढला उधाण अमावाशेक आसा. तेच्याआधी होतले काय, ता सांगा!"