वाढत्या अंगाच्या कविता

तुम्ही लेकरासाठी कवितेचं पुस्तक घेता, तेव्हा नेमकं कोणाकडे पाहता? लेकराकडे, की मागच्या पानावर छापलेल्या 'वयोगट सहा ते आठ' या ओळीकडे? खरं सांगा. मीही बरीच वर्षं त्या ओळीकडेच पाहत होते. आमच्या टेपकाकूंच्या हातात पुस्तक आलं, की त्या सगळ्यात आधी ती ओळ ब्लेडने खरवडून काढत. "वय आधार कार्डावर लिहून असते. पोट्ट्याच्या अंगावर थोडीच असते," असं म्हणत आणि समोरच्या पोराच्या खांद्याला टेप लावत.

टेप कायम गळ्यात, म्हणून टेपकाकू. अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान होतं. शाळेचे गणवेश ही त्यांची खासियत. जून आला की तिवशापासूनची माणसं पोरं घेऊन येत आणि सगळी एकच सांगत, वाढत्या अंगाचा शिवा. काकू खाली चार बोटं दुमड ठेवत, दर वर्षी थोडी उसवून देत. कापायच्या टेबलाखाली एक लांब फळी होती, तिच्यावर पुस्तकं. सगळी कवितांची. गोष्टींची का नाहीत, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "बटन लावाले पाच मिनिटं लागते. तेवढ्यात गोष्ट अर्धी राह्यते, कविता पुरी होते." यामागे काहीतरी मोठं तत्त्व असणार, अशी माझी खात्री होती. मी दोन दिवस ते शोधत होते. नव्हतं.

मला तत्त्वं शोधायची सवय घरातून लागली होती. बाबा चळवळीतले. आमच्या घरात धान्याच्या कोठीपेक्षा पत्रकांचे गठ्ठे उंच होते. मला ओळखता आलेला पहिला जोडाक्षरी शब्द 'मोर्चा', दुसरा 'धिक्कार'. अशा मुलीला चिऊकाऊची कविता म्हणजे वेळेचा अपव्यय वाटणारच. सहा वर्षांची असताना मी काकूंना तसं सांगितलंही होतं. त्यांनी माझ्या कमरेचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कंबर वीस, अक्कल साठ. हिले चिऊकाऊचंच द्या."

लहान पोरांसाठी पुस्तक निवडायची त्यांची रीत साधी होती. पायमशीनवर लांब शिवण घालायला घ्यायची, पुस्तक दिव्याखाली उघडं ठेवायचं आणि पाय चालेल तसं मोठ्याने वाचायचं. कविता पायाबरोबर धावली, तर पुस्तक फळीवर. कुठे पाय अडखळला, तर परत. एकदा नागपूरचा एक विक्रेता बालगीतांचा गुळगुळीत संच घेऊन आला. काकूंनी पहिलं गाणं घेतलं. तिसऱ्या ओळीपर्यंत मशीन गुणगुणत होतं, चौथीला पाय थबकला आणि शिवण वाकडी गेली. काकूंनी ती चड्डी त्याच्यासमोर धरली. "हे पाहा भाऊ, तुमच्या चौथ्या ओळीनं काय करून ठेवलं." तो म्हणाला, चित्रं चार रंगांत आहेत. "मशीनले चित्रं दिसत नाई," काकू म्हणाल्या आणि ती शिवण उसवायचं काम त्यालाच दिलं. त्याने ते बसून केलंही.

आठ-नऊ वर्षांच्या पोरांसाठी मशीन चालत नसे. या वयाला काय लागतं, याबद्दल काकूंचं मत पक्कं होतं: कवितेत कोणीतरी मोठा माणूस तोंडावर पडला पाहिजे. मास्तर घसरावा, मामाची टोपी माकडाने न्यावी, सरपंचाला शिंका याव्यात. पण अशा कवितांनाही शेवटी उपदेशाचं शेपूट असतं. म्हणून मुलांनो, खरे बोला, वगैरे. काकू त्या कडव्यावर कापडाचं ठिगळ शिवून टाकत. गणवेशाच्या उरलेल्या निळ्या टेरिकॉटचं. तीन बाजू शिवायच्या, चौथी उघडी. झालं, एरवी ज्या उपदेशाकडे ढुंकून पाहिलं नसतं, त्यासाठी पोरं ठिगळात बोट घालून डोळा लावून बसत. शाळेतल्या एक बाई तणतणत आल्या, की तुम्ही संस्कार झाकून ठेवता. काकूंनी त्यांना आतून खुर्ची आणून दिली आणि फळीपाशी बसलेली तीन पोरं दाखवली. तिघंही खरे बोला वाचत होती.

तेरा-चौदाच्या पुढच्यांना त्या पुस्तक देतच नसत. मागच्या कोपऱ्यात, अस्तराच्या कापडाआड, काही पुस्तकं उलटी ठेवलेली असत. प्रेमाच्या कविता, रागाच्या, एकटं वाटण्याच्या. आठवी-नववीचं कोणी मापाला आलं, की काकूंना हमखास चहा ठेवायची आठवण होई आणि त्या आत जात. परत आल्यावर त्या कोपऱ्याकडे पाहत नसत. पुस्तक चोरीला गेलं, म्हणजे बरोबर निवडलं होतं. महिनोन्महिने तिथेच राहिलं, तर काढून टाकत. "या वयाले दिलेलं आवडत नाई," त्या म्हणत. "घेतलेलं आवडते."

मी चोरलं होतं. खासगी मालमत्ता या विषयावर भाषण पाठ असलेल्या मुलीनेही नववीत असताना तिथून एक पातळ पुस्तक ओढणीखाली घातलं आणि घरी पत्रकांच्या गठ्ठ्यात लपवलं. बाबा पत्रकं वाटतात, उलगडून पाहत नाहीत, हे मला माहीत होतं.

मग बाविसाव्या वर्षी मी स्वतःच पुस्तक काढलं. मुलांच्या कवितांचं. लाल मुखपृष्ठ, बत्तीस पानं, तेरा कविता आणि प्रत्येक कवितेच्या शेवटी एक आवळलेली मूठ. बाबांच्या ओळखीच्या छापखान्यात छापलं, म्हणून कागदालाही पत्रकाचाच वास. परीक्षण कोण लिहील, बक्षीस मिळेल का, याचं मला काही नव्हतं. मला ते काकूंच्या फळीवर हवं होतं. इतकं हवं होतं, की पहिली प्रत हातात आली तशी मी ती घेऊन दुकानात गेले. काकूंनी पुस्तक उलटं केलं. मागे मी अभिमानाने छापलं होतं, 'सर्व वयोगटांसाठी'.

"सगळ्याइले होईन असा ड्रेस मी आजवर शिवला नाई व," त्या म्हणाल्या. "तुले जमला का?"

जमला आहे, असं मी ठणकावून सांगितलं. म्हणून त्यांनी माझं पुस्तक तिन्ही ठिकाणी लावून पाहिलं.

मशीनवर ते सुसाट गेलं. घोषणाच त्या, पाय कशाला अडखळेल? 'नाही म्हणजे नाही' ही माझी कविता गल्लीतल्या चिमुरड्यांना दोन दिवसांत पाठ झाली आणि तिसऱ्या दिवशी सात घरांत आंघोळीवर बहिष्कार पडला. आया माझ्याकडे भांडायला आल्या. मला फार अभिमान वाटला. काकू म्हणाल्या, "थांब. यायले तं कुकरची शिटीबी आवडते."

मग त्यांनी ठिगळं लावली. तेराच्या तेरा मुठींवर. मी रोज काहीतरी निमित्त काढून दुकानात जाई. पोरं पुस्तक उघडत, पानं उलटत, पण एकाही ठिगळात कोणाचं बोट गेलं नाही. खाली काय असणार, ते त्यांना वरूनच कळत होतं. शेवटी काकूंनी पुस्तक मागच्या कोपऱ्यात ठेवलं. आठवीतले आले, नववीतले आले, काकू चहाला आत जाऊन आल्या. शेजारची पुस्तकं गेली. माझं आठ महिने जागचं हललं नाही. एकदा तर एकाने ते उचललं, खालचं घेतलं आणि माझं नीट पुन्हा वर ठेवलं.

मी भांडले. म्हटलं, काकू, जगात एवढा अन्याय आहे, लेकरांना तो सांगायचा नाही का? की माकडाने टोपी नेली, एवढ्यावरच त्यांना मोठं करायचं? काकूंनी हातातलं काज पुरं केलं. दोरा दातांनी तोडून मग बोलल्या.

"राग चांगला हाये तुहा. खोटा नाई. पन तू तो शिवून, इस्त्री करून देऊन राहिली. वाढाले जागाच नाई त्यात. पोट्ट्याले त्याचा त्याचा राग येऊ दे ना, पोरी."

मी तडक निघून आले. महिनाभर दुसऱ्या बाजूने गेले. घरी बसून काकूंच्या भूमिकेचं खंडन करणारं चार पानी टिपण लिहिलं. ते लिहिताना तिसऱ्या पानावर लक्षात आलं, की मी चोरलेल्या त्या पुस्तकात कोणी मला काहीच करायला सांगितलं नव्हतं, आणि तरी मी ते वाचून रात्रभर चिडले होते. टिपण तिथेच थांबलं. माझं लाल पुस्तक परत आणायला दुकानात गेले, तर काकू म्हणाल्या, राहू दे, जागा खाऊन नाई राहिलं.

नंतर काकूंना सुई दिसेनाशी झाली. गणवेश लोक तयार घेऊ लागले होते. मुलगी, सुनंदाताई, त्यांना अकोल्याला घेऊन गेली. डाबकी रोडवरच्या घराच्या ओसरीत काकूंनी पुन्हा फळी ठोकून घेतली, तीच पुस्तकं लावली, कोपऱ्यातली उलटीच, आणि त्या गल्लीतली पोरं बोलावली. शिवण बंद होती, पण पोराच्या खांद्याला टेप लावायची सवय गेली नाही. आकडा दिसत नसे, म्हणून टेप बोटांनी चाचपत. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

ताईंनी पुस्तकं न्यायला मला बोलावलं. मी ओसरीत बसून एकेक पुस्तक खोक्यात भरलं. कोपऱ्यातली उलटी पुस्तकं सगळ्यात शेवटी. माझं लाल पुस्तक त्यांत नव्हतं. मी ताईंना शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. त्या म्हणाल्या, दिवाळीपर्यंत होतं, मीच झटकून ठेवलं होतं. मग एक दिवस आईने हात फिरवला आणि ते नाही असं तिला कळलं. मी शोधते म्हटलं, तर हसायला लागली. शोधू नको म्हणाली, बिलकूल शोधू नको.

ते रद्दीत गेलं असेल, हे मला समजतं. उंदरांनी नेलं असेल. बापाची पत्रकं मी वाटली आहेत, कागदाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. तरी एक विनंती करते. तुम्ही अकोल्यात राहत असाल आणि तुमच्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या किंवा पोरीच्या गादीखाली निळी ठिगळं लावलेलं एक लाल पुस्तक सापडलं, तर ते कुठून आणलं, असं विचारू नका. माझ्याकडे परत पाठवू नका. ते जिथे होतं तिथेच सरकवून ठेवा. फक्त त्याआधी पानं चाळून पाहा, आणि पेनाने एखादी ओळ रागाने खोडलेली असेल, तर ती कोणती, तेवढं मला कळवा.