वादळवीरचा धाकटा भाऊ

सुषमा खोटं बोलते, हे मी आधीच सांगून टाकते. बाहेरच्या कुणी असं म्हटलं तर मी भांडेन, ते वेगळं.

कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात आम्ही तेरा बायका धागे कापतो. शिवून आलेल्या पॅन्टचे लोंबते धागे कात्रीने उडवायचे, दिवसभर. नजर हलली की कापड कापलं जातं, म्हणून मोबाईल बघायचा नाही, ही शेठची सक्त ताकीद. कानांना मात्र बंदी नाही. म्हणून सकाळी सुषमा आदल्या दिवशीच्या ‘वादळवीर’चा भाग सांगते आणि दुपारी मी ‘छायारेखा’चा. वादळवीरचं शस्त्र वारा, छायारेखाचं सावली. दोन्ही सिरीयल एकाच वेळी लागतात, म्हणून आम्ही वाटून घेतल्यात.

सुषमा सांगते म्हणजे काय विचारता! अंबरनाथहून येते, डबा ठेवते आणि पहिला धागा कापायच्या आत खलनायकाला इमारतीवरून खाली फेकते. मी आपली जे दिसलं ते सांगते. माझ्या वेळेला बायका जांभया देतात. जळफळाट होतो माझा, का नाही होणार?

गंगूमावशी आमच्यात सगळ्यात मोठी. वांगणीच्या पलीकडच्या पाड्यावरून येते. घरी टीव्ही नाही, वाचता येत नाही. तिचा एकुलता एक शिवराम मालवाहू जहाजावर आचाऱ्याच्या हाताखाली आहे. बंदराला लागला की फोन, नाहीतर कधीतरी नुसता मेसेज. तो सुषमाच तिला वाचून दाखवते.

मागच्या वर्षी दीड महिना त्याचा काहीच पत्ता नव्हता. नेमका तेव्हाच वादळवीरचा धाकटा भाऊ अनय पुलावरून नदीत पडून मेला. सकाळी सांगता सांगता सुषमा पुलापर्यंत आली आणि तिचं लक्ष मावशीकडे गेलं. मावशीचे हात थांबले होते.

“मेला?” मावशीने विचारलं.

“छे गं मावशी! वाहत वाहत छायारेखाच्या शहरात निघाला. फक्त मागचं काही आठवत नाही त्याला.”

मी उडालेच! माझ्या सिरीयलमध्ये हिने मला न विचारता माणूस घुसवला! मावशी लगेच माझ्याकडे वळली, “निशे, तुला दिसला काय गो?” सुषमाने डोळे वटारले. मी म्हटलं, “हो, चहाच्या टपरीवर उभा होता.” झालं! वर्षभर त्या मेलेल्या पोराला मी टपरीवर चहा पाजला. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्या बायका खाली मान घालून हसायच्या, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. पुढे शिवरामचे मेसेज सुरू झाले, तरी अनय जिवंतच राहिला. आता त्याला मारायचा तरी कसा?

आणि मग जाहिरात आली. दोन्ही सिरीयलींचा महासंगम, सलग दोन तास! कारखान्यात नुसता कल्ला. एकीला दोघांचं लग्न हवं, दुसरीला आधी मारामारी. त्याच्या वाऱ्याने हिची सावली उडेल का, यावर जेवणाची सुट्टी संपली. आमच्यातली पायल म्हणाली, “छायारेखाच्या शहरात धरण फुटलं तेव्हा हा वादळवीर कुठे होता?” मलाही कळेना. शहर शेजारी, तर इतके दिवस आला का नाही? डोक्याचा भुगा झाला.

मावशीला एवढंच हवं होतं. “भाव भावाला भेटंल. थोरल्याला बघून त्याला समदं आठवंल.”

“अगं, आता तरी सांग तिला,” मी सुषमाच्या मागे लागले. ती आज सांगते, उद्या सांगते करत राहिली.

आमची सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे रविवारी दुपारी महासंगम पुन्हा दाखवला तेव्हा आम्ही कारखान्यातच होतो. “चलो साईं, दो घंटा काम बंद,” म्हणत शेठनी केबिनमधला टीव्ही लावून दिला. मावशीने तांदळाच्या पिठाची गोड बोरं तळून आणली होती, भाऊ भेटले की वाटायला. प्रत्येक चेहऱ्याकडे बोट दाखवून ती विचारत होती, “ह्यो काय? ह्यो काय?” मग वादळवीरच्या घरातली भिंत दिसली. भिंतीवर अनयचा फोटो, नाव लिहिलेलं, फोटोला हार.

नाव तिला वाचता आलं नाही. हार कळला.

“हार का घातलाय?” तिने विचारलं.  सुषमा रडायलाच लागली आणि रडत रडत सगळं खरं सांगून मोकळी झाली.

मावशीने पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. “शिवरामचा कालचा मेसेज. तू वाच.”

मी अक्षर न् अक्षर वाचलं. “आई, मी बरा आहे. पुढच्या बंदराला लागलो की फोन करतो. डोळ्यात औषध घाल.”

“हिनंबी ह्येच वाचलं व्हतं.”

“कारण हेच लिहिलंय, मावशी!” मी ओरडलेच.

“टपरीवर त्याला तूच उभा केलास ना?”

 तिने बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्या जमिनीकडे बघत होत्या.

“पाड्यावर कुणाकडून तरी वाचून घे,” मी म्हटलं.

“आता कुनीबी वाचा. माजा जीव बसत नाय.” बोरांचा डबा तिने न उघडताच पिशवीत टाकला.

त्याला आज सव्वीस दिवस झाले. शिवरामचा फोन नाही. सुषमाने वादळवीर सांगायचं बंद केलंय, मीही गप्प असते. कारखान्यात कुणाचाही फोन वाजला की मावशीच्या आधी सुषमा उठते.