पाठकोरे फोटो

मस्कतमधल्या मत्रहच्या समुद्राकडे बघून नाक मुरडणारा माणूस मी एकच पाहिला. "सगळं आहे रे, पण पिअर कुठाय?" असं म्हणून अंकल चहाचा घोट घ्यायचे. पिअर म्हणजे समुद्रात आत आत गेलेला लाकडी धक्का, बोटींपेक्षा फिरायला येणाऱ्यांसाठीच बांधलेला. अंकल मूळचे वसईचे. तरुणपणी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात हॉटेलात वाढपी होते, मग मस्कतच्या हॉटेलात आले. मन मात्र त्या इंग्लिश गावातच राहिलं. अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्यांना पिअर अंकलच म्हणत.

शुक्रवारी ते आल्बम घेऊन आमच्याकडे जेवायला येत. तिथल्या म्हाताऱ्या घरमालकिणीने आणि शेजाऱ्यांनी दिलेले जुने फोटो. चाकांवरच्या लाकडी खोल्या, घोडा त्या पाण्यात ओढत न्यायचा आणि आत कपडे बदललेल्या बायका थेट समुद्रात उतरायच्या. "कुणी बघू नये म्हणून एवढा खटाटोप, आणि ही बघ, ऐटीत फोटो काढून घेतेय!" प्रत्येक चेहऱ्याचं नाव त्यांना पाठ होतं. फोटोंची पाठ मात्र कोरी.

पुढे त्या गावचा पिअर वादळात वाहून गेला. गावकऱ्यांनी छोटं संग्रहालय काढलं आणि अंकलना कळवलं, फोटो पाठवा, पण नावांसकट. "माझा हात थरथरतो. मी सांगतो, तू लिही," अंकल म्हणाले. मी नवं पेन आणलं. मग बायकोने पापलेटं तळली आणि मी म्हटलं, "आधी जेवू, पुढच्या शुक्रवारी बसू." असे पाच शुक्रवार जेवलो. नावं लिहून झाली तीन.

नोकरी संपली, व्हिसा खलास. अंकल वसईला निघाले. जाणाऱ्याच्या बॅगेत आपलं पार्सल कोंबणं हा आपला इथला जन्मसिद्ध हक्क. मी आईसाठी हलवा आणि खजूर दिले. विमानतळावर वजन जास्त भरलं. मी पार्सल काढायला लागलो, तर अंकलनीच आल्बम काढून माझ्या हातात दिला. "आईचा खाऊ राहू दे. हा कुणी जाणारा असेल त्याच्याबरोबर पाठव."

जाणारे पुष्कळ भेटले. प्रत्येकाची बॅग भरलेली, आणि मी भिडस्त. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, अंकलना व्हिडिओ कॉलवर दाखवून नावं विचारा ना, सिंपल!" "पुढच्या शुक्रवारी," मी म्हटलं.

त्याआधीच वसईहून अंकलच्या मुलीचा फोन आला. पक्षाघात. जीव वाचला, वाचा गेली. "दादा, एकदा फोटो दाखवा ना त्यांना," ती म्हणाली.

मी एकेक फोटो फोनपुढे धरला. अंकल सगळ्यांना ओळखत होते. मान हलवत होते, हसत होते, ओठ हलवून काहीतरी लांबलचक सांगत होते. "काय म्हणतायत ते मलाही नाही कळत हो," त्यांची मुलगी रडत म्हणाली. मी पेन उघडून बसलो होतो.

शेवटी पिअरवर उभ्या असलेल्या एका तरुण बाईचा फोटो आला. तिच्याबद्दल ते कधीच बोलले नव्हते. मी तो काढून घ्यायला लागलो, तसा त्यांनी हात वर केला. थांब.

त्या फोटोच्या पाठीवर मी लिहिलंय : 'नाव माहीत नाही. अंकल हिच्याकडे बराच वेळ बघत होते.'