आत्याने ठेवून घेतलेला आकडा

माझ्या आत्याचा कुणावरही विश्वास नाही. सख्ख्या भावावर, म्हणजे माझ्या बाबांवर, तर अजिबातच नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आत्या ते ताक आधी बाबांना पाजेल आणि तासभर वाट बघेल.

ती जुनी शिलाई मशिनं दुरुस्त करते. आमच्या घराची पुढची खोली तिची. तिथे तेलाचा वास आणि स्क्रूंचे डबे. कुणी ‘उरलेले पैसे नंतर देतो’ म्हणालं तर ती मशीन देते, पण आतलं शटल काढून ड्रॉवरमध्ये ठेवते. बोटाएवढा तुकडा, पण तो नसला तर टाका पडत नाही. पैसे आण, शटल ने. तीस वर्षांत तो ड्रॉवर मी कधी रिकामा पाहिला नाही.

हल्ली दुरुस्तीला कुणी येत नाही. बाबांनी दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणाले, “एक तरी मशीन विकून दाखव. नाहीतर खोली भाड्याने देणार आणि तुझं लोखंड भंगारात.” त्या दिवशी आत्या जेवायलाही खोलीतच बसली.

म्हणून मी तिच्या सगळ्यात देखण्या मशीनचे फोटो इंटरनेटवर टाकले. हाताने फिरवायचं, शंभरेक वर्षांचं. चार महिने खपून तिने ते चालतं केलं होतं. तीन आठवड्यांनी परदेशातल्या एका बाईंची मेल आली. त्यांच्या आईकडे अगदी असंच होतं. सांगाल ती किंमत कबूल.

“घासाघीस नाही?” आत्याने चष्मा काढला. “मग चोर आहे.”

बाईंनी पैसे पाठवायला खात्याचा नंबर, खात्यावरचं नाव आणि बँकेचा स्विफ्ट कोड मागितला. कोड शब्द ऐकला आणि आत्या उठून उभी राहिली. “कोड कुणाला सांगायचा नाही. बँकेत भिंतीवर लिहिलंय.”

मी सांगून दमले, की तो बँकेचा कोड आहे, पत्त्यासारखा, सगळ्या जगाला माहीत असतो. शेवटी तिला बँकेत नेलं. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, “आजी, एवढ्यावरून पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. फक्त ओटीपी आणि पिन कुणाला देऊ नका. आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय माल पाठवू नका.”

“दार तर एकच असतं,” आत्या म्हणाली. “आत यायचं तेच आणि बाहेर जायचं तेच.”

तरी घरी येऊन तिने स्वतःच्या हाताने सगळं कागदावर लिहून दिलं. मी तो कागद बघून मेल पाठवली. पासबुक तिने मला दाखवलं नाही. माझंही मेलीचं डोकं चाललं नाही.

चार दिवसांनी बाईंनी बँकेची पावती पाठवली. आत्या म्हणाली, असले कागद कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालासुद्धा छापून देईल. दहा दिवस झाले, खात्यात काही नाही. बाई विचारत होत्या, पैसे मिळाले का, मशीन कधी निघेल? “बघ,” आत्या म्हणाली, “चोराच्या उलट्या बोंबा.” तिचा चेहरा असा खुलला होता, की मलाही वाटायला लागलं, म्हातारीचं खरं असावं. तिकडे बाबा एका भाडेकरूला खोली दाखवत होते. तो टेपने भिंत मोजत होता आणि आत्या त्याच्या टेपकडे बघत बसली होती.

मग बाईंची मेल आली. मी ती आत्याला वाचून दाखवली. “तुम्ही दिलेल्या नंबरचं खातंच नाही म्हणून पैसे परत आले. माझी मुलगी म्हणते तुम्ही ठग आहात, फोटोतलं मशीनही दुसऱ्याचंच असेल. एकदाच विचारते: खरं काय?”

“माझं मशीन दुसऱ्याचं?” आत्याने मला ते वाक्य परत वाचायला लावलं. आयुष्यात तिला कुणी चोर म्हटलं नव्हतं. ते काम तिचं होतं.

मी हात पुढे केला. “पासबुक दे.”

कागदावर शेवटचा आकडा आठ होता. पासबुकात सात.

“चुकलं?” मी विचारलं.

“चुकेन कशी? ठेवून घेतला होता,” ती खाली बघत म्हणाली. “शटलसारखा. बाई खरी निघाली की सांगणार होते.”

मी चिडले. खूप चिडले. म्हटलं, आकड्याशिवाय पैसे येणार कुठून आणि पैशांशिवाय ती खरी निघणार कशी? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास, आता बस भंगारवाल्याची वाट बघत. बोलून झाल्यावर मलाच रडू आलं.

आत्याने त्या मशीनचं शटल काढलं, पुसलं, कापसात गुंडाळलं आणि डबीत घातलं. “हे तिला पाठव. आधी. आणि खरा नंबर लिही.”

“अगं, तिने पैसे नाहीच दिले तर? असं शटल परत मिळायचं नाही.”

“माहितीये,” ती म्हणाली.

डबी पोचायला बारा दिवस लागले. मुदतीचे तीन उरले असताना बाईंचं उत्तर आलं: शटल मिळालं, आईच्या मशीनमध्ये असंच होतं. पैसे पाठवलेत, पण थोडे मागे ठेवलेत, मशीन इथे येऊन टाका घातला की ते देईन.

मी घाबरत घाबरत वाचलं. आत्या मात्र पहिल्यांदा मोकळी हसली. “आता कळलं. माणूस आहे ती.”

दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात आले, मधल्या बँकांनी आपला वाटा कापून घेऊन. बाबांनी पासबुक दोनदा बघितलं आणि भाडेकरूला फोन करायला बाहेर गेले. आत्याने खोक्यात मशीन बसवलं, सुया, तेलाची बाटली, जास्तीचा पट्टा, सगळं घातलं. एखादा तुकडा मागे ठेवायची तिची खोड माहीत होती, म्हणून ती दोरी आणायला आत गेली तेव्हा मी हळूच ड्रॉवर उघडून पाहिला. जुन्या उधारीची शटलंही तिने देऊन टाकली असावीत; तो रिकामा होता.